पहिला नंबर कोणत्या विज्ञानपटाचा?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री वसतिगृहातील वीज गेली आणि आमच्या खोलीत आठदहा जणी जमल्या. गप्पा भुताखेतांवरून सिनेमावर आल्या आणि सिनेमावरून विज्ञानपटांवर. पुण्याहून आलेली एक मैत्रीण म्हणाली, "सगळ्यात चांगला सायन्स फिक्शन सिनेमा 'इंटरस्टेलर'. विषय संपला." विषय अर्थातच संपला नाही. एकीने 'मॅट्रिक्स'ची बाजू घेतली, दुसरीने 'ई. टी.'ची. मेणबत्ती विझेपर्यंत भांडण चालले.

मी गप्प होते. माझी पुंजी म्हणजे घरी टीव्हीवर हिंदीतून पाहिलेला 'टर्मिनेटर'चा दुसरा भाग. शेवटी न राहवून तेवढे बोलले. उत्तर आले, "हिंदीतून ना? मग तू तो पाहिलाच नाहीस."

हे वाक्य मला बरेच दिवस टोचत राहिले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पुस्तकातले काही चुकले तर वाईट वाटत नाही, ते शिकायलाच इथे आलो आहोत. पण आवडनिवड सांगण्यासाठीही काही पात्रता लागते, हे मला नवे होते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी ठरवले की, ही 'सर्वोत्तम' चित्रपटांची क्रमवारी ठरवते तरी कोण, ते एकदा पाहायचेच. जे हाती लागले ते येथे मांडते आहे. गुरुजनांनी विषय हलका समजून पान उलटू नये, एवढीच विनंती. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तर यात घरचाच मामला सापडेल.

पहिली गंमत ही की, जाणकार म्हणवणाऱ्यांचेही एकमत नाही. २००४ साली इंग्लंडमधील 'गार्डियन' या वृत्तपत्राने शास्त्रज्ञांना त्यांचे आवडते विज्ञानपट विचारले. त्यांनी 'ब्लेड रनर'ला पहिला क्रमांक दिला आणि '२००१: अ स्पेस ओडिसी'ला दुसरा. चारच वर्षांनी, २००८ मध्ये, अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने आपली यादी जाहीर केली. तीत '२००१' पहिला, 'स्टार वॉर्स' दुसरा, 'ई. टी.' तिसरा, 'ब्लेड रनर' घसरून सहावा. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी सर्व प्रकारच्या चित्रपटांसाठी कौल घेते. २०२२ च्या कौलात समीक्षकांनी '२००१'ला सहावे स्थान दिले, तर त्याच वेळी स्वतंत्रपणे मत देणाऱ्या दिग्दर्शकांनी पहिले. चित्रपट तोच, वर्षही तेच. बदलली ती फक्त मतदारयादी.

मतदारयादीप्रमाणे उमेदवारीचे नियमही पाहावे लागतात. अमेरिकन संस्थेच्या यादीत फक्त अमेरिकन चित्रपट होते. म्हणजे रशियाचा 'सोलारिस' (१९७२) किंवा जर्मनीचा 'मेट्रोपोलिस' (१९२७) यांचा अर्जच बाद! तरीही आपल्याकडे ही यादी सांगताना लोक 'जगातील सर्वोत्तम दहा' असे बिनदिक्कत सांगतात. आमच्या खोलीतही तसेच झाले होते.

आता रसिकांच्या मताकडे वळू. विज्ञानकथेच्या चाहत्यांचे जागतिक संमेलन १९३९ साली न्यूयॉर्कला पहिल्यांदा भरले. त्या संमेलनात १९५३ पासून 'ह्यूगो' पुरस्कार दिले जाऊ लागले. १९२६ मध्ये केवळ विज्ञानकथांना वाहिलेले 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक काढणाऱ्या ह्यूगो गर्न्सबॅक यांचे नाव या पुरस्काराला आहे. येथे परीक्षक मंडळ नाही. संमेलनाची वर्गणी भरून सभासद झालेला कोणीही मत देऊ शकतो. प्राध्यापक असो की टपाल खात्यातला कारकून, मत एकच. अर्थात वर्गणी डॉलरमध्ये किंवा पौंडांत भरायची म्हटली की 'कोणीही' या शब्दाला बराच आळा बसतो, हे सांगायला हवे.

या चाहत्यांनी काही निवाडे मोठे मजेदार दिले आहेत. १९७० साली 'उत्कृष्ट नाट्यात्म सादरीकरण' या विभागाचा पुरस्कार त्यांनी चित्रपटाला दिलाच नाही. अपोलो ११ चंद्रावर उतरले त्या बातम्यांच्या प्रक्षेपणाला दिला. आदल्या वर्षी प्रत्यक्ष माणूस चंद्रावर चालला, त्यापुढे पडद्यावरची याने काय टिकणार? १९८३ साली त्यांच्यापुढे 'ई. टी.' होता, १९८२ चा सर्वांत जास्त कमाईचा चित्रपट. त्याच्याविरुद्ध होता तिकीटबारीवर आपटलेला 'ब्लेड रनर'. चाहत्यांनी 'ब्लेड रनर' निवडला. आज जो तो या चित्रपटाचे गोडवे गातो, पण तो पडला असताना हात देणारे हे वर्गणीदार होते, हे विसरता कामा नये.

आणखी एक. ह्यूगोच्या मतपत्रिकेवर 'पुरस्कार कोणालाच नको' असाही एक पर्याय असतो आणि तो शोभेचा नसतो. १९५९ आणि १९७७ साली चित्रपटांच्या विभागात तोच पर्याय निवडून आला आणि त्या वर्षी खरोखरच कोणाला काही मिळाले नाही. आपल्याकडे २०१३ पासून मतदानयंत्रावर 'नोटा' आला. परंतु लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत नोटाला सर्वांत जास्त मते पडली तरी पुढचा उमेदवार निवडून येतोच. या बाबतीत विज्ञानकथेचे चाहते आपल्यापेक्षा कडक निघाले!

मोजणीची पद्धतही आपल्या अभ्यासक्रमातलीच आहे. राष्ट्रपतीच्या निवडणुकीसारखे येथे पसंतीक्रम लिहायचे असतात. ज्याला सर्वांत कमी पहिल्या पसंतीची मते, तो बाद. त्याची मते त्या-त्या मतपत्रिकेवरील पुढच्या पसंतीकडे जातात. असे करीत करीत निम्म्याहून अधिक मते मिळेपर्यंत मोजणी चालते. वर्गात हे शिकताना मला झोप येत असे, हे कबूल करते. म्हणून सुट्टीनंतर आम्ही वसतिगृहात प्रयोगच केला. एकवीस मुली, चार चित्रपट, वहीच्या पानांच्या चिठ्ठ्या आणि मतपेटी म्हणून पोह्यांचा डबा.

पहिल्या पसंतीची मते अशी पडली: 'इंटरस्टेलर' ८, 'ई. टी.' ५, 'मॅट्रिक्स' ५, 'मेट्रोपोलिस' ३. आपल्या नेहमीच्या पद्धतीने 'इंटरस्टेलर'चा गुलाल उधळला गेला असता. पण आम्ही मोजणी पुढे नेली. 'मेट्रोपोलिस' बाद झाला. त्याच्या तीन मतांपैकी दोन 'ई. टी.'ला गेली, एक 'मॅट्रिक्स'ला. आता ८, ७ आणि ६. मग 'मॅट्रिक्स' बाद. त्याच्या सहा मतांपैकी चार 'ई. टी.'कडे, दोन 'इंटरस्टेलर'कडे. अखेर 'ई. टी.' ११, 'इंटरस्टेलर' १०. पुण्याच्या मैत्रिणीने फेरमोजणी मागितली. ती दिली. निकाल बदलला नाही.

यातून मला जे उमगले ते असे. 'इंटरस्टेलर'वर जीव टाकणाऱ्या आठ जणी होत्या; पण उरलेल्यांना तो फारसा रुचला नव्हता. 'ई. टी.' फार थोड्यांना प्राणप्रिय, पण नकोसा जवळजवळ कोणालाच नाही. कोणती पद्धत खरी, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. एक पद्धत विचारते, 'तुम्हाला वेड कशाने लावले?' आणि दुसरी विचारते, 'तुम्ही सगळ्या मिळून कशाला हरकत घेणार नाही?' 'साइट अँड साउंड'ची तर तिसरीच तऱ्हा: प्रत्येकाने दहा नावे द्यायची, त्यांत वरखाली काही नाही, आणि ज्याचे नाव जास्त याद्यांत तो पहिला. भांडणारे मात्र प्रश्न एकच आहे असे समजून भांडत असतात.

भांडणाचे दुसरे मूळ म्हणजे व्याख्या. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'ला विज्ञानपट म्हणावे की नाही, यावर चाहत्यांत अजून एकमत नाही. त्यात राजकन्या आहे, तलवारी आहेत, गुरु-शिष्य आहेत. यानाऐवजी घोडे आणले तरी कथा अडत नाही. अवकाशात हवा नाही, म्हणून आवाजही नाही. 'स्टार वॉर्स'मध्ये मात्र स्फोटांचे धडाके ऐकू येतात. '२००१'मध्ये यानाबाहेरची निःशब्दता पाळली आहे, आणि ती धडाक्यांपेक्षा जास्त भीती घालते असे माझे मत. 'इंटरस्टेलर'साठी किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाचा सल्ला होता. त्यातील एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे, ही कल्पना गुरुत्वाकर्षणाने काळ मंदावतो या सिद्धांतावर उभी आहे.

या बाबतीत आपल्याकडचे उदाहरण द्यावेसे वाटते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ती जयंत विष्णु नारळीकर यांची कथा होती. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी हे नाव घेतले होते. जगद्विख्यात शास्त्रज्ञाचे नाव पाहून परीक्षकांचे मत झुकू नये, हा हेतू. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा ही हकीकत पुष्कळांनी आठवली. चित्रपटांच्या याद्या करताना कुब्रिक, स्पिलबर्ग, नोलन ही नावे झाकून ठेवता आली असती तर किती उलथापालथ झाली असती, असे वाटल्यावाचून राहात नाही.

तिसरी अडचण अशी की, दोघे भांडतात तेव्हा दोघांनी पाहिलेला चित्रपट एकच असतो असे नाही. 'ब्लेड रनर' १९८२ मध्ये लागला तेव्हा त्यात नायकाच्या आवाजातले निवेदन होते आणि शेवट गोड होता. त्या शेवटात दिसणारे डोंगर तर कुब्रिकच्या 'शायनिंग'साठी घेतलेल्या आणि वापरात न आलेल्या चित्रणातून उसने आणलेले! १९९२ च्या आवृत्तीत निवेदन गेले, गोड शेवट गेला आणि नायक स्वतःच यंत्रमानव असेल काय, अशी शंका आली. २००७ मध्ये आणखी एक आवृत्ती निघाली, तिला अखेरची म्हणतात. ह्यूगोच्या मतदारांनी निवडला तो पहिला 'ब्लेड रनर' आणि आज याद्यांत झळकतो तो बहुधा शेवटचा. तेव्हा हिंदीतून पाहिलेला 'टर्मिनेटर' हा 'टर्मिनेटर' नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी जरा जपून बोलावे.

याद्यांत कधीच येऊ न शकणारे चित्रपटही आहेत. सत्यजित राय यांनी १९६७ साली 'एलियन' नावाची पटकथा लिहिली होती. बंगालमधील खेड्यातल्या तळ्यात परग्रहावरचे यान उतरते आणि त्यातल्या छोट्या जिवाची एका गरीब मुलाशी गट्टी जमते, अशी कथा. हॉलिवूडच्या कोलंबिया कंपनीशी बोलणी झाली, पण चित्रपट निघालाच नाही. १९८२ मध्ये 'ई. टी.' आला तेव्हा दोहोंतील साम्य लोकांच्या नजरेस आले. आपण ती पटकथा पाहिली नव्हती असे स्पिलबर्ग यांनी सांगितले. त्या वादात मी शिरत नाही. पण आमच्या पोह्यांच्या डब्यात 'ई. टी.' निवडून आला तेव्हा मला त्या तळ्याची आठवण झाली खरी.

आता माझ्या मताविषयी. 'मेट्रोपोलिस'ला मिळालेल्या तीन मतांतले एक माझे होते, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखले असेलच.

आमचे गाव इचलकरंजी. आबा यंत्रमागावर काम करतात. बारा तासांची पाळी, सहा माग. मजुरी मीटरवर. घरी असले तरी ते मोठ्याने बोलतात, कारण आयुष्य मागांच्या खडखडाटात गेले. दिवाळीत मी मोबाईलवर एकामागून एक विज्ञानपट पाहात होते. इंग्रजी संवाद झरझर निघून जात. खालची इंग्रजी अक्षरे वाचीपर्यंत चित्र पुढे जाई, आणि चित्र पाहावे तर अक्षरे निसटत. 'ब्लेड रनर' मी अशा रीतीने अडखळत तीन दिवसांत संपवला. मग 'मेट्रोपोलिस' लावला आणि सुटल्यासारखे झाले. मूकपट! मध्ये मध्ये अक्षरांची पाटी येते, थांबते, वाचून होते. उच्चाराची भानगडच नाही. बर्लिनच्या किंवा न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला जेवढे ऐकू आले तेवढेच मलाही आले.

फ्रित्झ लांग यांचा हा चित्रपट १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये प्रथम दाखवला गेला. शहराच्या वर उंच मनोऱ्यांत मालकवर्ग राहतो, जमिनीखाली कामगार. सुरुवातीलाच पाळी बदलते. जाणाऱ्यांची आणि येणाऱ्यांची रांग माना खाली घालून एकमेकींजवळून सरकते. येणाऱ्यांपेक्षा जाणाऱ्यांची चाल सावकाश. भिंतीवर घड्याळ दहा तासांचे, कारण पाळी दहा तासांची. मी ते दृश्य पाहात असताना आबा मागे येऊन उभे राहिले होते. म्हणाले, "थांब, परत लाव." मी परत लावले. "ह्यो भोंगा झाल्याबरोबरचा सीन हाय," असे म्हणून ते खाली बसले. आबा सिनेमा बसून पाहात नाहीत. तो दिवस अपवादाचा.

मी पाट्यांचे मराठी करून सांगत होते. मालकाचा मुलगा कामगाराच्या जागी यंत्रावर उभा राहतो आणि घड्याळाच्या काट्यांसारखे दांडे फिरवता फिरवता दमून लटकतो, ते पाहून आबा म्हणाले, "नवीन मानूस असंच करतंय. पहिल्या आठवड्यात." चित्रपट सुमारे अडीच तासांचा. निम्म्यावर आबांची पाळी आली आणि उरलेला दुसऱ्या दिवशी पाहिला.

हा अडीच तासांचा 'मेट्रोपोलिस' मिळणे हेही एक नवलच. पहिल्या खेळांनंतर लवकरच त्याची वाटेल तशी काटछाट झाली आणि कापलेला भाग नाहीसा झाला. १९८४ मध्ये रंग आणि आधुनिक गाणी चढवलेली एक आवृत्ती निघाली, ती जेमतेम ऐंशी मिनिटांची. मग २००८ साली दूर अर्जेंटिनात, ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात, जवळजवळ संपूर्ण प्रत सापडली. तिच्यावरून दुरुस्त केलेला चित्रपट २०१० मध्ये दाखवला गेला. सापडलेल्या तुकड्यांवर ओरखडे इतके आहेत की नवा भाग कोणता ते ताबडतोब कळते. म्हणजे १९८० च्या सुमारास ज्यांनी 'मेट्रोपोलिस'ला क्रमांक दिला, त्यांनी तो पुरता पाहिलेलाच नव्हता.

चित्रपटाची कथा लांग यांच्या पत्नी थेआ फॉन हारबौ यांची. पुढे हे दांपत्य विभक्त झाले. लांग यांनी जर्मनी सोडली, त्या तेथेच राहिल्या आणि नाझी पक्षात गेल्या. त्यांचा पुढचा विवाह आयी तेंडुलकर या मराठी पत्रकाराशी झाला, हे वाचून मी थक्क झाले. इतक्या लांबच्या चित्रपटाचा धागा कोठे येऊन पोचावा!

'मेट्रोपोलिस'ला नावे ठेवणारेही लहानसहान नव्हते. खुद्द एच. जी. वेल्स यांनी १९२७ मध्ये त्यावर कडाडून टीका केली. त्यांचा एक मुद्दा असा की, यंत्रे वाढली की राबणाऱ्या गुलामांची गरज वाढत नाही, कमी होते. तेव्हा या चित्रपटातले भविष्य मुळातच चुकीचे. हा मुद्दा मी आबांना सांगितला. त्यांनी थोडा विचार केला. आमच्याकडे बिनधोट्याचे नवे माग आले आहेत, तेथे एक माणूस पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त माग सांभाळतो. आबा म्हणाले, "त्यो सायब बरोबर बोलला. गरज कमी हुती. मग उरल्याली मानसं कुठं जात्यात, त्ये ल्हिलंय का त्यानं?" वेल्स यांच्या लेखावर एवढी नेमकी टीका मला तरी दुसरीकडे वाचायला मिळाली नाही.

तरीही 'मेट्रोपोलिस' निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. शेवटी मालक आणि कामगारांचा मुकादम हात मिळवतात; डोके आणि हात यांच्यामध्ये हृदय हवे, अशी शिकवण दिली जाते आणि सर्व गोड होते. हा शेवट पुढे लांग यांना स्वतःलाही पटेनासा झाला होता. शेवटची पाटी मी वाचून दाखवली. आबा बराच वेळ पडद्याकडे पाहात राहिले, मग विचारले, "मीटरमागं किती वाढवून दिलं, त्ये न्हाई दावलं व्हय?"

नाही दाखवले. चित्रपट तेथेच संपतो.

वसतिगृहात परतल्यावर मी ही हकीकत सांगितली, तेव्हा पुण्याची मैत्रीण म्हणाली, "पण म्हणून तो पहिला कसा ठरतो? तुझा शेवट तर तुला पटलेलाच नाही." तिचे बरोबर आहे. 'इंटरस्टेलर'मध्ये बाप तरुणच राहतो आणि मुलगी म्हातारी होते, ते पाहून तिला रडू येते. तिचे वडील नोकरीनिमित्त वर्षानुवर्षे परदेशी आहेत, हे मला त्याच दिवशी कळले. तिने तिच्या चिठ्ठीवर 'मेट्रोपोलिस'ला दुसरी पसंती दिली होती म्हणे. ती मोजण्याची पाळीच आली नाही, कारण 'इंटरस्टेलर' शेवटपर्यंत बाद झाला नाही.

वार्षिक परीक्षेनंतर पुन्हा मतदान घ्यायचे ठरले आहे. या वेळी 'सोलारिस' उमेदवार आहे आणि चिठ्ठीवर 'कोणालाच नको' हा रकानाही राहील. आबांची चिठ्ठी टपालाने मागवावी काय, यावर मात्र अद्याप वाद चालू आहे. ते वसतिगृहाचे सभासद नाहीत, अशी रीतसर हरकत आली आहे.

— एस. वाय. बी. ए. (राज्यशास्त्र)